मावा छापाच्या चादरी

नागपूर, २० नोव्हेंबर १९८३

सौ. कुंताबाईस धाकट्या भावाचा, तानबाचा जोहार.

बाई, पत्र लिहायचं लिहायचं म्हणता दिवाळी गेली. एक कार्ड घेतलं ते खिशात भिजलं. दुसरं घेतलं, त्यावर एका ट्रकवाल्याने टायरचा नंबर लिहून घेतला. पण हे सगळं सांगायला. खरं म्हणजे मी टाळत होतो.

तुझ्या चादरी विकायला घेऊन निघालो तो नागपूरलाच निघालो होतो, देवाशपथ. जामच्या फाट्यावर चहाला उतरलो. तिथे कारंज्याला जाणारी एक गाडी उभी होती, तिच्यात रेडिओ वाजत होता. गाणं संपेपर्यंत बसू म्हटलं, तर गाडी सुरू झाली. कारंज्याच्या ढाब्यामागे एक म्हातारा जुन्या टायरच्या चपला कापतो, काय हात आहे त्याचा! आठ दिवस त्याच्याकडे राहिलो. तुझ्यासाठी एक जोड केला आहे, जरा मोठा झाला. ते जाऊ दे. शेवटी नागपूरला पोचलो.

इथे सरकारी प्रदर्शन लागलं आहे. त्यात तुम्हाला माग देणाऱ्या संस्थेचं दुकान. समोरच टांगलेली, बाई, तुझी पळसाच्या रंगाची चादर! काठावर तू उलटा दात विणतेस ना, तोच. मला वाटलं, खाली नाव असेल. खाली पुठ्ठा लावलेला: ‘आदिम हातांची कला’. आणि कोपऱ्यात संस्थेचा शिक्का. हातांना नावं नसतात का? तिथे चरख्याला नाव होतं, मागाला नाव होतं, ज्या साहेबाने फीत कापली त्याचं तर दोनदा नाव होतं.

तुमचे सेक्रेटरी मधुकरराव खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, “ही चादर माझ्या बहिणीने विणली आहे. मोहगावच्या कुंताबाई मडावीने. तसं लिहा.”

ते हसले. म्हणाले, “अरे, त्या बायका आमच्याच आहेत.”

“तुमच्या कशा? विकत घेतल्या का?” मी ओरडलोच. लोक जमले. पुठ्ठा मी काढला आणि फाडला. मग दोघांनी मला उचलून बाहेर ठेवलं. सदऱ्याची बाही गेली.

बाई, आता बस झालं. आपण आपलं कापड आपल्या नावाने काढायचं. आपला छाप, आपला रंग, आपल्या जंगलाच्या रीतीने. सीताबर्डीवर रूपरावजींचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी तुझ्या चादरी हातात घेऊन पाहिल्या, उजेडात धरून पाहिल्या. म्हणाले, “माल चांगला आहे. पण बिनछापाचा माल मी ठेवत नाही. छाप आणा, पंचवीस चादरी घेतो.” बोल.

तुझा
तानबा

—

मोहगाव, ५ डिसेंबर १९८३

तानबा,

जोहार-बिहार राहू दे. तू तिकडे तोंड उघडलं अन् इकडे आमचे माग गेले.

तुह्या पत्राच्या आधीच मधुकरराव जीप घेऊन आले. उतरले नाईत. जीपमधूनच म्हणाले, “कुंताबाई, भावाला शिकवून पाठवलं का?” मी म्हटलं, “त्याले शिकवता आलं असतं तर आठवी नसती का झाली?” त्याईले हसू नाई आलं. चार माणसं उतरली, चारही माग सोडले, जीपच्या मागच्या गाडीत टाकले. कोकिळाच्या मागावर अर्धी चादर चढलेली होती. ती सुद्धा कापून नेली. कोकिळा त्या कापलेल्या सुताकडे पाहत उभी राह्यली. शालूबाईच्या तोंडून मात्र असे शब्द निघाले का ते मी लिहू नाई शकत, मी संस्थेच्याच वर्गात लिहाले शिकली.

तुह्यावर लय राग आला. तीन महिने पत्ता नाई, अन् पत्रात टायरच्या चपला! पण पुठ्ठा फाडला ते चांगलं केलं. ते वाचून दाखवलं तं सासूबाई म्हणाल्या, “पोट्ट्यानं एक तं काम पुरं केलं.”

आता ऐक. समुद्रपूरचा लहानूबुवा कोष्टी येऊन गेला. त्याच्या बापाच्या काळी माग खड्ड्यात असत, पाय खड्ड्यात सोडून बसाचं. त्यानं आमाले तसे चार माग करून देल्ले. वाऱ्यानं पडलेल्या सागाचं लाकूड होतं, तेच वापरलं. आमच्या लोकाईत कोणी विणत नव्हतं, कापड कोष्ट्याकडूनच घेत, म्हणून बुवा आधी हसला. “गोंडाच्या बाया अन् माग!” मग शालूबाईचा हात पाह्यला तं कुदळ घेऊन खड्डे खणाले लागला.

नावावरून मात्र भांडण झालं. शालूबाई म्हणे, ‘जंगलराणी’ ठेवा, सिनेमासारखं वाटते. कोकिळा म्हणे बडादेवाचं नाव ठेवू. सासूबाई भडकल्या. “घामाच्या कपड्यावर देव बसवता काय व? लोकं पाय पुसतीन त्याले!” मग मी म्हटलं, ते मधुकरराव म्हणतात ना, बाया आमच्या, चादरी आमच्या, तं आपणच म्हणू आमचं. आपल्या गोंडीत. ‘मावा’. बस. सगळ्याईले पटलं.

अन् एक रीत सासूबाईनं घालून देल्ली, ती तुलेही सांगून ठेवतो: जे गळलं, जे पडलं, जे वाळलं तेच रंगाले घ्याचं. पळसाची फुलं भुईवरची. हिरडा भुईवरचा. जित्या झाडाची साल काढाची नाई. रूपरावजीले सांगजो, पंचवीस चादरी होतीन.

कुंता

—

कारंजा (घाडगे), ११ जानेवारी १९८४

बाई,

माग गेले ते वाचून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी ढाब्यावर आलूचे पराठे होते म्हणून जेवलो. मी मधुकररावांना सोडणार नाही. म्हणजे काय करणार ते ठरलं नाही, पण सोडणार नाही.

रूपरावजींना नाव सांगितलं. ते म्हणाले, “मावा? बर्फी विकायची आहे का?” आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. मी म्हटलं, “गोंडीत त्याचा अर्थ आमचं.” मग म्हणाले, “चालेल. पण पिवळा रंग नको. गिऱ्हाईक मळखाऊ रंग मागतं, काळपट, खाकीच्या वळणाचा. लग्नसराईच्या आत पाहिजे. एकही चादर वेगळ्या रंगाची निघाली तर सगळा माल परत.”

मी डोकं लढवलं. जामला नत्थू ड्रायव्हर भेटला. त्याच्या ट्रकमध्ये झाडाची कुटलेली साल भरलेली, चामडं कमावणाऱ्या कारखान्यात चालली होती. विचारलं कशाची? म्हणे बाभळीची. शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळी जळणाला तोडल्या, त्यांची साल, नाहीतर फेकणारच. म्हणजे सासूबाईंच्या रीतीत बसतं की नाही? झाड आधीच गेलेलं! दोन पोती मागून घेतली आणि समुद्रपूरच्या यष्टीवर चढवून दिली. कंडक्टर ओळखीचा आहे. लोखंडाच्या पाण्यात घालशील तर पाहिजे तसा काळपट येईल, हे टायरवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, तो आधी कातडी काम करायचा.

पाहा, मीही कामाचा आहे.

तानबा

—

मोहगाव, १९ फेब्रुवारी १९८४

तानबा,

पोती पोचली. जामपर्यंत आला अन् घरी नाई आला? जामहून मोहगाव काय विलायतेले आहे? बहिणीपेक्षा पोत्याले तिकीट काढून पाठवते! लाज वाटू दे.

पण रंग आला रे. काय रंग आला! पाऊस पडून गेल्यावर खडक कसा दिसते तसा. चादरी आधीच विणून झाल्या होत्या. मागच्या आठवड्यापासून एकेक बुडवून राह्यलो. शालूबाई हात वर करून नाचली, कोपरापर्यंत काळी. म्हणे, “आता माहा नवरा मले हात नाई लावणार, बरं झालं!”

लहानूबुवानं लाकडाचा ठसा कोरून देल्ला. मधे मोहाचं पान, खाली ‘मावा’. पहिली चादर वाळली तशी ठसा सासूबाईच्या हातात देल्ला. त्या लिहाले-वाचाले शिकल्या नाईत. ठसा उठला तं विचारलं, “काय लिहिलं आहे?” मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “पुन्हा वाच.”

पुन्हा वाचला. तानबा, त्या दिवशी मी तुह्यावरचा सगळा राग सोडून देल्ला.

दोन चादरी रंगवाच्या राह्यल्या. होळीच्या आत माल तयार आहे. तू स्वतः येऊन घेऊन जाजो.

कुंता

—

मोहगाव, २३ फेब्रुवारी १९८४

तानबा,

येऊ नको.

काल शेवटच्या कढईसाठी दुसरं पोतं उपडं केलं. तळाशी न कुटलेला एक तुकडा निघाला, वितीएवढा. वरून मगरीच्या पाठीसारखा चौकोन-चौकोन फाटलेला. बाभूळ नाई तानबा. ऐन आहे. ज्याच्यात बडादेव राह्यते, तो ऐन.

आणखी ऐक. त्या तुकड्यावर शेंदूर होता. तेलात खललेला, यंदाचा, बोटाले लागला. त्या टेकडीपलीकडच्या देवठाण्यावर आमच्या सासरचे देव आहेत. तिथले ऐन आमी वर्षातून एकदा पुजतो, प्रत्येकाले शेंदूर लावतो. सासूबाईनं स्वतः लावला होता. त्याईनं तुकडा हातात घेतला अन् खाली बसल्या. पाणी देल्लं तं नाई घेतलं.

संध्याकाळी आमी पाचसहाजणी गेलो. साल नेणाऱ्या ठेकेदारानं ठाण्यावरचे ऐन उभ्या उभ्या सोलले. तोडले नाईत, सोलले! कंबरेपासून डोक्यापर्यंत लाल दिसून राह्यले, त्यातून पाणी गळून राह्यलं. सोळा-सतरा झाडं सोललेली, बाकीच्याईवर चुन्याची खूण, म्हणजे तीही जाणार. अन् आमी त्याच सालीत हात घालून नाचलो! आमच्या कपड्याले म्हणून आमी आमच्याच देवाची कातडी उकळली.

तुले विचाराले काय झालतं, का कुठली साल आहे? ट्रकवाल्यानं बाभूळ म्हटलं अन् तू बाभूळ लिहिलं. पोत्याचं तोंड सोडून पाह्यलं काय एकदा? का तिथेबी रेडिओ वाजून राह्यला होता?

चादरी विकाच्या नाईत. एकही नाई. काय कराचं ते अजून ठरलं नाई. पण रूपरावजीले सांग, माल नाई.

कुंता

—

नागपूर, १४ मार्च १९८४

बाई,

मी माफी मागणार नाही. आधी ऐकून घे.

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी नत्थूला शोधत जामला गेलो. सापडला. गचांडी धरली. तो म्हणाला, “अबे, मले जे भरून देतात ते मी नेतो. बाभूळ का ऐन, माहा बाप सांगून गेला काय?” मारामारी झाली. मला जास्त लागलं. झाडं मी सोलली नाहीत. ठेकेदाराने सोलली. मी पोती पाठवली नसती तरी ती साल कारखान्यात गेलीच असती, बुटांना लागली असती. मग कपड्याला लागली तर काय बिघडलं? झाडं तर गेली. आता चादरीही जाऊ द्यायच्या?

दुकानात काय झालं ते वाच. मी रूपरावजींना सांगितलं, माल येणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी खरं सांगितलं. ते म्हणाले, “झाडासाठी माल अडवला? तीस वर्षं धंदा करतो, सूत महागलं ऐकलं, माग मोडला ऐकलं, बाई बाळंत झाली ऐकलं. झाड रुसलं हे पहिल्यांदा ऐकतो. निदान खोटं तरी नीट बोलायला शिका.”

मी म्हटलं, “खोटं वाटत असेल तर समुद्रपूरची यष्टी पकडा आणि स्वतः पाहून या!” आणि गल्ल्यावर मूठ आपटली. गल्ला पडला नाही, पण उदबत्तीचं घर पडलं.

आणि बाई, तिथे कोण बसलं होतं माहीत आहे? मधुकरराव. शांतपणे चहा पीत. म्हणाले, “रूपरावजी, काळजी करू नका. त्या चादरी आम्ही उचलतो. शिक्का कापून आमचा लावू. बायकाही परत येतील, त्यांना दुसरं आहे काय?”

वाचलंस? एक तर त्या चादरी ‘मावा’ म्हणून जातील, नाहीतर त्याच्या नावाने जातील. तिसरा रस्ता मला दिसत नाही. या एका वेळेला विक, पुढे पाळ तुझी रीत. तुझ्या सासरचा देव एवढा कोपणारा असेल तर त्याने आधी ठेकेदारावर कोपावं. आपल्यावरच काऊन? गरिबावरच काऊन?

मी कारंज्याला जातो आहे. ढाब्यावर भांडी घासतो, पण या धंद्यात आता नाही. पत्र पाठवायचं तर तिथेच.

तानबा

—

मोहगाव, ८ एप्रिल १९८४

तानबा,

मोहाचे दिवस आहेत. पहाटेपासून फुलं वेचतो, दुपारी मागावर बसतो, म्हणून लिहाले उशीर. तुह्यासारखा टाळून नाई, खरंच उशीर.

तुहं पत्र सगळ्या बायाईत वाचलं. मधुकररावाचं बोलणं वाचलं तं शालूबाई म्हणे, चादरी जाळून टाकू, त्याच्या हाती नाई लागू देणार. कोकिळा म्हणे पुरून टाकू. मले तुहाच शब्द लागला होता: झाडं तं गेली. मी सासूबाईले विचारलं, गेली काय खरंच? त्या म्हणाल्या, “सोललेलं माणूस लगेच मरते काय? पांघरूण घातलं तं दोन दिवस जगते, न घातलं तं तेही नाई.”

तेच सगळ्याईनं ऐकलं. बिनरंगाच्या दोन धरून पंचवीसही चादरी डोक्यावर घेतल्या अन् निघालो.

ठाण्यावर ठेकेदाराची माणसं महिनाभरानं पुन्हा कामाले लागली होती. आमच्याच तालुक्यातले मजूर, शेजारच्या गावचे. त्याईचा मुकादम ओरडला, “काय तमाशा आहे?” आमी शेण अन् माती कालवली, सोललेल्या ऐनाले लिपली, वरून चादर गुंडाळली, सुताच्या दोरीनं बांधली. ठसा समोर आला पाह्यजे असं कोणी सांगितलं नाई, पण सगळ्याईनं तसंच बांधलं. सोललेली झाडं झाली, तरी चादरी उरल्या. त्या चुन्याची खूण असलेल्याईले बांधल्या. खूण झाकली.

मुकादमानं मजुराईले म्हटलं, “काढा ते कपडे, अन् लागा कामाले.” एक म्हातारा मजूर होता, कोयता हातात. त्यानं चादरीले हात लावला, पुन्हा मागे घेतला. म्हणे, “मालक, उघड्याले सोललं ते सोललं. कपडे घातलेल्याले कसं सोलू?”

मुकादमानं त्याले शिवी देल्ली. म्हाताऱ्यानं कोयता भुईत रोवला अन् सावलीत जाऊन बसला. मग दुसरा बसला. मुकादम स्वतः गेला चादर ओढाले, तं सासूबाई मधात उभ्या राह्यल्या. त्याच्या कंबरेइतक्या त्या, पण तो परत फिरला.

तेव्हापासून काम बंद आहे. ठेकेदार फॉरेस्टच्या साहेबाकडे गेला म्हणतात. कागद आणीन, पोलीस आणीन, मले ठाऊक आहे. आमी पाळीपाळीनं तिथे बसतो. आजूबाजूच्या गावचे लोकं पाहाले येऊन राह्यले, चपला दूर काढून येतात. वाचता येणारा वाचते, ‘मावा’. न वाचता येणाऱ्याले दुसरा सांगते. ठेकेदाराले साल काढाची असन तं त्यानं आधी झाडावर लिहिलेलं वाचावं.

तू म्हणतो तिसरा रस्ता नाई. तुले दिसत नाई कारण तू सदा गाडीत बसलेला असते.

अन् देव आपल्यावरच काऊन कोपते म्हणून विचारलं. देव नाई कोपला तानबा. मी कोपली. मधुकररावानं आमच्या हाताची चादर आमाले न विचारता त्याची म्हटली तं तू पुठ्ठा फाडला. आमी ऐनाची साल त्याले न विचारता आमची म्हटली. मग आपल्यात अन् मधुकररावात फरक काय? तो फरक ठेवाचा असन तर ‘मावा’ आहे. नाई तं खरंच बर्फीचं दुकान काढ.

आता पळसाचा पिवळा चढवून राह्यलो. भुईवरच्या फुलाचा. धुतला का थोडा जाते, ते मले ठाऊक आहे. आमी तसंच सांगून विकू. ज्याले पाह्यजे तो घेईन. कोणी नाई घेतला तं आमी नेसू. संस्थेत परत जाणार नाई, हे मात्र मधुकररावाच्या तोंडावर सांगून आली आहे शालूबाई. वर्धेच्या त्याईच्या हापिसापर्यंत गेलती ती, एकटी. काय बोलली ते विचारू नको.

तू ये. माफी नको मागू, तुले ती जमत नाई. रीतीनं पांढरा कोंबडा घेऊन ये, ऐनासमोर उभा राहा, त्याले काय सांगाचं ते सांग. भांडाचं असन तं त्याच्याशी भांड. सासूबाई रोज विचारतात, “तो पोट्टा जेवते काय तिकडे?” भांडी घासासाठी मोहगावात कमी भांडी आहेत काय?

थांब. बाहेर कुत्रे भुंकून राह्यले.

शालूबाई सांगत आली. टेकडीवरून एक धोतरवाला माणूस उतरून राह्यला, भरदार, घामानं भिजलेला, दोन्ही चपला हातात धरून. इथे कुंताबाई कोण म्हणून विचारून राह्यला. मी दारातून पाह्यलं. म्हणे, “नागपूरहून आलो. रूपराव. तुमच्या भावाने यष्टी पकडा म्हटलं, पकडली.” म्हणे, “झाडं पाहून आलो.” चपला अजून हातातच, खाली ठेवाचं त्याले सुचून नाई राह्यलं. अन् मग विचारते, “त्यातली एक तरी चादर मिळेल का, बाई?”

मी म्हटलं, “त्या झाडाईच्या आहेत. बसा. मी भावाले पत्र लिहून राह्यली, ते झाल्यावर बोलू.”

बसला आहे. बसू दे.

कुंता